जिन्याखालचा आवाज

३ जून
मिळाली! ‘जिन्याखालचा आवाज’ ही मालिका आता आमची. कथा माझी, चित्रं पेन्सिलची — तिच्या अंबाड्यात कायम एक खोचलेली असते, म्हणून पेन्सिल. एकोणीस वर्षं या भुताच्या चित्रकथेत मी फक्त संवादांच्या फुग्यांतली अक्षरं काढली. आता कोण काय बोलणार तेही मीच ठरवणार! नवरा म्हणाला, “घरात तरी दुसरं काय चालतं!”
संपादक मात्र — “तीन अंक. वाचक टिकले तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायचा.”

५ जून
मास्तरांना फोन केला. मालिका त्यांनीच जन्माला घातली, आता सुचत नाही म्हणून सोडली. उचलला नाही. वाईट वाटलं.

१९ जून
टेबलाला टेबल लावून बसतो. पेन्सिल ब्रश चहात बुडवते आणि मग तोच चहा पिते! लिहिणं, अक्षरं, दोन्ही माझ्याच गळ्यात. तरी इतकी खुशीत मी कित्येक दिवसांत नव्हते.

२ जुलै
अंक छापून आला. पान नऊ! आमचं भूत म्हणजे नुसता आवाज. कुणाचा, ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून त्याच्या फुग्याला बोलणाऱ्याकडे जाणारी शेपटी कधीच नसते. पेन्सिलने सवयीने काढली. तीही थेट रखवालदाराच्या तोंडाशी — जो पहिल्या अंकापासून त्याच आवाजाला घाबरतोय! आणि त्याच फुग्यात अक्षरं भरताना मला दिसलं नाही. डोळे कुठे गेले होते माझे?
पेन्सिल रडकुंडीला आली. “ताई, मी घालवलं सगळं.”
“दोघींनी मिळून घालवलं. एकटीने श्रेय घेऊ नकोस.”
हसलो खरं, पण मी टेबलाचा खण आवरायला घेतलाय.

९ जुलै
पत्रं! टोपलीभर! “म्हणजे रखवालदारच मेलाय? आणि त्यालाच पत्ता नाही?” एक बाई जुने अंक काढून पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसल्यात. संपादक चक्क हसला. “मालिका तुमची. कसं सुचलं हो?” आम्ही दोघी गंभीर चेहऱ्याने पुढचं पान आखायला लागलो.
फक्त मास्तरांची काळजी वाटते. त्यांनी तेवीस वर्षं जपलेलं गुपित आम्ही वेंधळेपणाने उधळलं. काय वाटलं असेल त्यांना?

११ जुलै
मास्तर आले. स्वतः, तीन जिने चढून. “आवाज कुणाचा, ते मलाच कधी कळलं नाही गं. म्हणून शेपटी टाळत आलो.” मग माझ्या दौतीचं झाकण फिरवत म्हणाले, “अक्षरं काढायला कुणी हवंय का तुम्हाला?”