बड कवा कवा बंद पडलं

४ नोव्हेंबर
आज दोनदा फोन कट. एकदा न्याहारीच्या येळेला, एकदा दुपारी. दोन्ही येळा इळा खाचरात टाकला आन चढण चढून घरी धावले. काय न्हाई. हे आपले छताकडं बघत पडलेले. "कशाला आलीस?" म्हणं. बोलणं जिभेत अडकतं त्यांचं, पर असलं बरूबर सुटतं.
भोरातल्या मोबाईलवाल्याला फोन केला, म्हणलं तुझे ते कानात घालायचे बड भंगार हायत. तो म्हणला, काकू, कवा बंद पडतं ते तारीख घालून लिहून ठेवा, तसं बदलून मिळत न्हाई. म्हणून ही लेकीची, आशीची, जुनी वही. चौथीनंतर हातात पेन धरला तो किराणा लिहायलाच.

५ नोव्हेंबर
डावा बड वाकलं की पडतो. आज पेंढीत गेला. कुसुम, माझी जाऊ, आन म्या दोघी पेंढी सोडून एक एक काडी बघत बसलो. डबीत तीन मापाची रबरं हायत, त्यातलं मोठं घातलं. आता पडत न्हाई, पर कान ठणकतो. वरनं रुमाल आवळला तर बड दाबला जातो, कवा फोनच कट व्हतो, कवा आतली बाई इंग्रजीत काहीबाही बोलती. कुसुम म्हणती, "आक्का, कानात सवत घातलीस का?"
म्हणलं, "नवरा घातलाय. घरात पुरंना म्हणून रानात पण."
खोटं काय त्यात. आषाढात ह्यांच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं. डॉक्टर म्हणला परत झटका येऊ शकतो, आला तर लगेच उचलून आणा, उशीर झाला तर उपेग न्हाई. आन भात उभं. घरी बसून ऱ्हायचं का कापायचं? मग लेक आली वेल्ह्याहून, तिनं हे बड घेऊन दिलं, स्वस्तातलं. सकाळी ह्यांच्या फोनला फोन लावायचा, तो उचलून स्पीकर करून उशाशी ठेवायचा, आन म्या कानात बड घालून कापणीला. दिवसभर फोन चालू. खोकलं, हाक मारली, काय पडलं, सगळं मला खाचरात.
आवाजाला नावं ठेवता येत न्हाईत. श्वास सुदिक ऐकू येतो. एवढी वर्सं शेजारी झोपले, असा कवा ऐकला न्हाई. शिट्टीवानी वाजतो. लई बरं वाटलं असं न्हाई.
कट एकदा, जेवायच्या आधी.

७ नोव्हेंबर
गंगूआत्या, ह्यांची चुलती, बघायला आली ह्यांना. तिला काय ठावं फोन चालू हाय. माझ्या कानात सगळं.
"तुला टाकून हिंडती व्हय रं ही? कानात काय काय घालून नटती म्हणं आता. नवरा हातरुणात आन हिची गाणी चालू."
म्या खाचरातनं वरडले, "ऐकतीय म्या, आत्या! दुधावर झाकण ठेवा आन निघा!"
म्हातारी "अगं बया" करून उठली ती काठी तिथंच सोडून गेली. मग कानात घर्र घर्र आवाज. म्हणलं आलाच झटका. तर न्हाई. हे हसत व्हते. आषाढापासनं पयल्यांदा.
कुसुमला सांगितलं तर तीबी हसली. म्या न्हाई हसले. इळा उचलला.
कट एकदा, दिवस कलल्यावर.

९ नोव्हेंबर
लाईट न्हवती काल. डबीच चार्ज न्हाई झाली. सकाळी एक बड जित्ता, एक मेलेला. एका कानावर दिवस काढला. एका कानानं पण भागतं, उलट कुसुमचं बोलणं ऐकू येतं, जे न आलेलं बरं.
माईक भिकार हाय. वारा सुटला की माझं ह्यांना काय कळत न्हाई. "पेज झाकलीय तिथंच हाय, डाव्या अंगाला" असं पाच डाव सांगितलं. ते म्हणत्यात, "आं?" म्या परत. ते "आं?" सगळ्या खाचरांना कळलं पेज कुठं हाय.
कट दोनदा. सारखी घरी पळती म्या. निम्मं भात पण कापून झालं न्हाई. लोंब्या गळायला लागल्या. हात लावला की दाणं पडतं.

११ नोव्हेंबर
दोनदा. दुसऱ्या येळेला धावताना बांधावरनं पडले. गुडघा फुटला, इळा कुठं गेला बघितलं पण न्हाई. घरात शिरले तर हे शांत. "रेंज गेली आसंल."
म्या म्हणलं, "मग म्या परत लावते तवा हिरवं बटण दाबायला काय हुतंय? बटणाचा फोन हाय, दिसतं न्हवं?"
"डाव्यानं दाबत न्हाई."
"डाव्या हातानं तंबाखू मळता येती."
त्यांनी तोंड फिरवलं. मग म्हणले, "मशीनच फालतू."
रागानं बड भिंतीवर मारले. फुटले न्हाईत. तेवढं मात्र पक्कं काम हाय त्यांचं.

१३ नोव्हेंबर
कुसुमला घरी बसवलं आन दुधाच्या टेम्पोतनं भोरला गेले. ह्यांचाच टेम्पो. आता दुसरा चालवतो. हॉर्न तोच हाय, पर हे कसं वाजवायचे आन हा कसा वाजवतो. न्हाईच बघितलं तिकडं.
मोबाईलवाल्यानं वही वाचली. वाचताना हसत व्हता, म्हणलं दात काढू नको, बदलून दे. त्यानं एक बड स्वतःच्या कानात घातला, त्याच्या फोनवरनं माझ्या फोनला फोन लावला, आन त्याचा फोन माझ्या हातात देऊन मला गल्लीच्या टोकाला पाठवलं. "बोला काकू." म्या बोलले. जे बोलले ते त्याला नीट ऐकू गेलं, कारण परत आले तर त्याचं तोंड पडलेलं.
मग इचारतो, "कट व्हतं तवा कसं व्हतं? आधी आवाज चिरकतो का, तुटक तुटक येतो?"
म्हणलं, "न्हाई. एकदम गप."
"मग काकू, बड चांगले हायत. रेंज गेली की आधी आवाज फाटतो. एकदम गप म्हंजे समोरच्यानं ठेवलाय."
"समोर कोण हाय ते तरी ठावं हाय का तुला? अंगावरनं वारं गेलेला माणूस."
"बघा मग तुमी." असं म्हणून दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळला.
चार शब्द जास्तीचे ऐकवून आले. माल खपवायचा आन वर आमच्या माणसाला खोटं पाडायचं. येताना यष्टी मिळाली. हिर्डोशीपर्यंत मनात एकच. हिरवं दाबता येत न्हाई आन लाल बरूबर सापडतंय व्हय? म्या धावून धावून मरतीय, भात गळून चाललंय, आन हा माणूस…
घरी आले. बोलले न्हाई. पकडून बोलीन.

१४ नोव्हेंबर
रोजच्यासारखा फोन लावला, उशाशी ठेवला. इळा घेतला. "जाते वो" म्हणले. गेले न्हाई. गोठ्यात जाऊन बसले, मधल्या भिंतीला टेकून. कानात बड. श्वास, खोकला, माशी हाकलली. तोंडात सगळं तयार करून ठेवलं व्हतं, कुठल्या शिवीनं सुरू करायचं ते पण.
कट झालं. एकदम गप.
उठणार तवर भिंतीतनं आवाज आला. बडातनं न्हाई, भिंतीतनं. आधी मला वाटलं रेडकू.
"आये. आये गं. ने की मला. ने की गं."
त्यांची आई जाऊन लई वर्सं झाली. म्या लग्न करून आले त्याच साली गेली. टेम्पोखाली पाय सापडला तवा या माणसानं हूं का चूं केलं न्हवतं, उलट मलाच म्हणला, रडतीस काय.
म्या शेणातच बसून ऱ्हायले. उठवलंच न्हाई. म्हस माझ्याकडं बघत रवंथ करत व्हती.
आवाज थांबला. मग म्हागनं फिरून रस्त्याला लागले, आन रस्त्यानं आले. लांबनंच खोकले. पायातलं आपटलं. दारात म्हणले, "परत रेंज गेली वाटतं."
ते म्हणले, "मशीनच फालतू तुझं."
"व्हय," म्हणलं.
तोंड पुसलं त्यांचं. "घाम आलाय," ते म्हणले. थंडीचे दिवस. "व्हय," म्हणलं.

१६ नोव्हेंबर
बदलून घ्यायचं राह्यलं न्हाई, मग वही कशाला. तरी उघडली.
आज कट झालं तर धावले न्हाई. कुसुम म्हणली, "आक्का, गेला न्हवं फोन? बसलीस काय?"
"जाते. एवढं बांधते."
बांधलं. गाठ सुटली, परत बांधली. त्यांना एकटं सोडायचं म्हणून बसले, पर डॉक्टर म्हणला उशीर करू नका. आन फोन ठेवल्यावरच आला झटका तर? मला कुठनं कळणार? मग उठले. मग परत बसले. कुसुम बघत व्हती. तिला काय सांगू.
शेवटाला गेले. झोपले व्हते. तोंड उघडं. नाकाशी हात धरला आधी.

१८ नोव्हेंबर
आशीचा फोन. "आई, कसे हायत गं बड? चांगले असतील तर सासूबाईंना घेते."
म्हणलं, "घे. आवाज लांबचा पण येतो. डाव्या कानाला रुमाल बांधायचा. पाणी लागू द्यायचं न्हाई. डबी रोज लावायची."
"बाबा ऐकू येत्यात न्हवं?"
"येत्यात."
"मग तुला आधार झाला."
व्हय म्हणलं. फोन ठेवला.
तिला सांगितलं न्हाई. तिचा बाप तिच्यासमोर कवा खाली मान घालून बसला न्हाई. म्या कशाला सांगू.

२० नोव्हेंबर
ह्यांना भोरला डॉक्टरकडं नेलं. टेम्पोवाल्यानं पुढं बसवलं, ह्यांच्याच जुन्या जागेशेजारी. वाटंत हे ष्टेरिंगकडं बघत व्हते. घाटाच्या वळणाला डावा हात आपोआप पुढं गेला, गिअरला. मग मांडीवर ठेवला.
डॉक्टर म्हणला, डावा हात वर करा. उचलला. थरथरला आन पडला. म्हागच्या येळेला असा न्हवता. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. गोळ्या वाढवल्या. म्या इचारलं, "म्हंजे?" म्हणला, "लक्ष ठेवा."
लक्षच ठेवतीय की. दुसरं काय करतीय म्या.

२२ नोव्हेंबर
भात निघालं एकदाचं. जेवढं निघायचं तेवढं. बाकीचं जमिनीला. चिमण्या बसल्यात त्यावर.
कट एकदा. लई उशिरानं झालं आज. ह्यांचं दिवसभर तोंड बंद. म्या मुद्दाम फोनवर काहीबाही बोलत ऱ्हायले, कुसुमची कोंबडी, गंगूआत्याची काठी अजून आपल्याकडंच हाय ती. "आं?" पण म्हणले न्हाईत.
संध्याकाळी पेज भरवताना हे म्हणले, "तुला दिवसभर ऐकू येतं सगळं?"
म्हणलं, "न्हाई. निम्मं वाऱ्यात जातं. भिकार हाय मशीन."
"बरं," म्हणले. मग चार घास खाल्ले.

२५ नोव्हेंबर
आज कट झालं न्हाई.
खळ्यात झोडत व्हतो दोघी. कानात आधी खरखर. वाटलं बड गेला. न्हाई. बोट घासत व्हतं फोनवर. थांबायचं, परत घासायचं. एकदा टुक वाजलं, दुसरंच बटण लागलं आसंल. परत घासलं. लई येळ. लाल शोधत व्हते.
मग घासायचं थांबलं.
मग "आये." माझ्या दोन्ही कानांत. भिंत न्हाई काय न्हाई मधी. तोंडाला तोंड लावून बोलावं तसं.
पेंढी हातात तशीच. कुसुम म्हणती, "आपट की." तिला काय ऐकू येत न्हाई. मला सगळं. "ने की गं."
ऐकायचं न्हवतं मला. त्यांना ऐकवायचं न्हवतं. एवढं तरी त्यांच्या हातात व्हतं.
कानातला बडच दाबून धरला. कट झालं. म्या केलं.
कुसुम म्हणली, "काय झालं?"
"रेंज गेली."
"मग जा की."
"जाते," म्हणलं. पेंढी आपटली. दुसरी घेतली. तिसरी घेतली. मग गेले.
डोळं मिटलेले. फोन हाताखाली. श्वास चालू व्हता, शिट्टी वाजत व्हती. डोळं न उघडताच म्हणले, "रेंज गेली व्हती?"
"व्हय."
डबी चार्जिंगला लावलीय. हिरवं बारीक लुकलुकतंय. उद्या पण झोडणी. फोन लावला तर ह्यांचं सगळं माझ्या कानात, आन ह्यांना ते बंद करता यायचं न्हाई. न लावला तर