क्लूनगाराचा पंधरावा गडी

चि. फर्गल यास,

जार्लथदादाचे आशीर्वाद. (हे काम आईचं. ती गेल्यापासून माझ्याकडे आलंय आणि मला अजून नीट जमत नाही.) तुझी तब्येत बरी असेल, बॉस्टनची थंडी सोसत असेल, असं मी धरून चालतो. फोनवर तू कायम जिन्यात असतोस, म्हणून पत्र. पत्राला 'नंतर बोलू' म्हणता येत नाही. माझा गुडघा सोडला तर इकडे सारं क्षेम, आणि गुडघ्याचं पुढे येईलच.

आपल्या गेलिक फुटबॉल संघाची अवस्था तुला ठाऊक होती, आता तीही राहिलेली नाही. नोंदवहीत पंधरा नावं आहेत, त्यात एक तुझं, एक माझं. वर्षअखेर पंधरा भरली नाहीत तर काउंटीची समिती आपल्याला शेजारच्या रॅथकीरन संघात विलीन करणार. म्हणजे शंभर वर्षं ज्यांना शिव्या घातल्या त्यांचीच पिवळी जर्सी अंगात घालायची. उरलेल्या तेरा जणांचं म्हणशील, तर ओनी आणि ह्यूबर्ट कॅफर्की या सख्ख्या भावांचं बांधावरून बिनसलंय आणि ते एकमेकांना चेंडू देत नाहीत. मी दोघांच्या मध्ये डिनी टीगला उभा केला. ओनीने डिनीला द्यायचा, डिनीने ह्यूबर्टला. डावपेच वाईट नव्हता, पण डिनी चेंडूबरोबर निरोपही पोचवू लागला आणि प्रकरण वकिलाकडे गेलं. बचावाच्या मधोमध कॉलमन. त्याने रॅथकीरनची मुलगी केलीय आणि त्यांचा मुख्य आघाडीवाला म्हणजे याचा मेव्हणा. "तुमचं काय जातंय," म्हणतो, "रविवारी जेवायला मी तिकडे असतो. मेव्हण्याला लोळवू आणि सासूकडे बटाटे मागू?"

गेल्या रविवारी गाठ रॅथकीरनशीच पडली. पेपरात दिलेला संघ आणि मैदानात उतरलेला संघ एकच असावा असा आपल्याकडे कधीच रिवाज नव्हता. तेव्हा सहा नंबरपुढे मी तुझं नाव दिलं. (दर वेळी लिहितो आणि पाठवताना खोडतो. या वेळी खोडलं नाही.) त्यांच्या प्रशिक्षकाला वाटलं, तू सुट्टीवर आलायस. त्याने दोन तगडे गडी खास सहा नंबरसाठी राखले. सहा नंबर घालून उतरलो मी, वय एक्केचाळीस, चालू गुडघा एक. आपण एकूण चौदाच होतो.

अर्धा तास ते दोघे मला सोडेनात. सहाला सोडायचं नाही असं सांगितलंय ना, मग नाही सोडायचं. बाकी मैदान मोकळं, त्यामुळे मध्यंतराला आपण चार गुणांनी पुढे. त्यात दोघे निघाले गप्पिष्ट. "फर्गल कुठाय हो?" एकाने विचारलं. "येतोय," मी म्हटलं. "मग आता त्या घरात तुम्ही एकटेच?" दुसरा म्हणाला. मी हो म्हटलं, तेवढ्यात चेंडू डोक्यावरून गेला आणि तिघांपैकी कोणीच पाहिला नाही. खरं सांगतो, आई गेल्यापासून इतका वेळ कोणी माझ्याजवळ थांबलं नव्हतं. मध्यंतरानंतर प्रशिक्षकाने त्यांना दुसरीकडे लावलं, मधोमध मी एकटा उरलो आणि आपण नऊ गुणांनी हरलो. गुडघा तेव्हाच गेला. हरल्याचं फारसं वाटलं नाही. तू नाहीस याचं वाटलं.

जपून राहा, टोपी घालत जा.

तुझा दादा,
जार्लथ

ता. क. शेजारची अट्रॅक्टा विचारत होती, तू लग्न केलंस का. मी म्हटलं, माहीत नाही. मला खरंच माहीत नाही.

ता. क. २. तिकडच्या क्लबकडून खेळायला आपल्या क्लबने तुला मोकळं केल्याचा जो कागद लागतो, तो पोस्टात हरवला असं मी तुला तीनदा सांगितलं. तो हरवला नव्हता. चिटणीस मीच, सही माझीच, म्हणून ईस्टरपासून पिठाच्या डब्याखाली ठेवला होता. तुझं नाव गेलं की आपण चौदा.

ता. क. ३. कागद सही करून सोबत ठेवलाय. सगळा उन्हाळा तू तिकडे मैदानाच्या कडेला नुसता उभा होतास, असं आत्ता कळलं. खेळ बाबा. फक्त कोणी विचारलं, मूळचा कुठल्या संघाचा, तर क्लूनगाराचा म्हणून सांग. तोवर इकडे आम्ही कोणत्याही रंगाचे झालेलो असलो तरी.