उत्तनला सांगितलेली दहा वर्षे

मी, सुचेता रामनाथ पाटणकर, वय ४७, धंदा हिमनद्यांचा अभ्यास, राहणार शांती नगर, मीरा रोड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण समजून लिहीत आहे. कुणाचा दबाव नाही. प्रकृती ठीक आहे; पुढच्या महिन्यात पुन्हा बर्फावर जायचे आहे, इतकेच.

१. राहता फ्लॅट भाऊ पराग याला. आईच्या आजारपणात मी हिमनदीवर होते आणि तो तिच्या उशाशी. हे त्याला तोंडाने कधी म्हणाले नाही.

२. बँकेतली शिल्लक भाची क्षितिजाला. तिने हवे ते शिकावे.

३. बर्फाचे नमुने संस्थेचे आहेत, माझे नाहीत. खोलातून काढलेल्या प्रत्येक तुकड्याच्या वरच्या टोकाकडे बाण काढतात. २०१४ साली एका तुकड्यावर मी तो उलटा काढला. थर उलटले, म्हणजे वर्षे उलटली. चूक कळताच तो नमुना वापरणाऱ्या सगळ्यांना दुरुस्तीपत्रे लिहिली.

४. बावीस डायऱ्या क्षितिजाला. फेब्रुवारी २०१७ची नोंद तिने जरूर वाचावी: "उत्तनच्या कोळीवाड्यात भाषण. टाळ्या पडल्या. 'दहा वर्षांत पाणी तुमच्या अंगणात' असे बोलून गेले. एवढी खात्री कुठल्याच अभ्यासात नाही." त्याचे दुरुस्तीपत्र मात्र मी कुणालाच लिहिले नाही. ते ऐकून तिथल्या राघोकाकांनी घराचे बांधकाम थांबवले, हे मला गेल्या वर्षी कळले. तरीही त्यांच्याकडे गेले नाही.

५. माझे लाल जॅकेट राघोकाकांना द्यावे आणि क्षितिजाने माझ्या वतीने त्यांची माफी मागावी.

कलम ५ रद्द. लिहितानाच लाज वाटली. मेल्यावर भाचीच्या तोंडून कसली माफी? गेल्या रविवारी स्वतः उत्तनला गेले.

राघोकाकांच्या पत्नी सत्यवतीकाकू पत्र्याच्या आडोशाला बोंबील भाजत होत्या. म्हणाल्या, "ये गो बाय! तुज्या दहा वर्सांनी माजी चूल भायेरच ठेवली."

मी चूक कबूल केली. राघोकाका जाळे विणत राहिले. मग म्हणाले, "मंग पानी येनार न्हाय?"

"समुद्र वाढतोय, काका. ते खरंच आहे. कुठल्या वर्षी अंगणात येईल, ते मला सांगता येत नाही. घर बांधा, पण जोतं उंच घ्या."

"येवडंच तवा सांगायचं व्हतं."

साक्षीला याल का, असे मी भीतभीत विचारले. ते हो म्हणाले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील सांगतात, म्हणून जॅकेट तिथेच देऊन टाकले. काकूंनी हसून विचारले, "ह्या उन्हात घालनार कवा?"

आज सही करण्याआधी काकांनी कागद उलटसुलट पाहिला.

"यात कुठं पुढचं वर्स लिवलंयस का?"

"नाही. फक्त आजची तारीख."

"मंग दे पेन."

मृत्युपत्र करणार: सुचेता रामनाथ पाटणकर (सही)

आम्हां दोघांसमक्ष तिने सही केली:
१. राघो धर्मा तांडेल, उत्तन (सही)
२. ममता शहा, शेजारीण, शांती नगर (सही)

मीरा रोड, १२ एप्रिल २०२६