मशीनचा हप्ता, माणसांचे पगार

१५ जुलै, मंगळवार

लॉन्ड्रीत सकाळची फेरी मारली. भाऊजी, गुडघा? "आहे जागेवर." घडीताई, सर्दी? "वाहतेय, पण चादरींपासून लांब." टेम्पोवाले, पाठ? "गाडीची विचारा, तिची जास्त दुखते." झाडूमावशी, नातीचा ताप? "उतरला, आता मस्ती चढलीय." इस्त्रीकाका, हात? काकांनी उजवा हात खिशात घातला. "झकास, ताई!" म्हणजे थरथर चालूच आहे.

माणसं बरी. आजारी एकच — मोठं धुलाई मशीन. आज पिळताना असं नाचलं की भिंतीवरचं घड्याळ खाली आलं. मेकॅनिकने पोटात डोकं घालून पाहिलं आणि म्हणाला, "याला औषध नको. निरोप द्या."

हे गेले तेव्हा लॉन्ड्री बंद करा म्हणणारे पुष्कळ होते. मी आणि भाऊजी, माझे धाकटे दीर, दोघांनी ओढत आणली. आता मशीनच आडवं पडलं तर दवाखान्याच्या चादरी काय अंगणात आपटायच्या?

१७ जुलै, गुरुवार

मशीन विकणारा आला. बोलणं मधाळ, किंमत कडू. सहा लाख! पण धुलाई आणि रोलरची इस्त्री, दोन्ही जोडीने. ओली चादर इकडून घाला, तिकडून पापडासारखी कडक बाहेर.

तो गेल्यावर भाऊजी मिशी कुरवाळत म्हणाले, "वहिनी, कर्ज काढावं लागणार. आणि रोलर आला की काकांना काम काय?"

"शर्ट आहेत, डॉक्टरांचे कोट आहेत."

"त्याला अठरा हजार?"

काका पलीकडेच उभे होते, इस्त्रीच्या वाफेत. ऐकलं की नाही, देव जाणे. वाफेत माणसाचा चेहरा कळत नाही.

१८ जुलै, शुक्रवार

हिशेबनीस मुलीकडे कायमचे गेले तेव्हा लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवून गेले. तेव्हापासून मीच हिशेबनीस! शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं फोनवर व्हिडिओ बघून. शीट म्हटलं की आमच्याकडे चादर. पण लॅपटॉपमधली ही हिशेबाची शीटसुद्धा चादरच की — उभे-आडवे धागे, मध्ये चौकटी.

आज हप्त्याचं सूत्र शिकले. बरोबरचं चिन्ह, मग पीएमटी, मग कंसात तीन गोष्टी: व्याज, महिने, रक्कम. बारा टक्के, साठ महिने, सहा लाख. बटण दाबलं.

महिना ७२,०८०!

मी ओरडलेच. घडीताई धावत आली, तिला वाटलं पाल पडली. "बँक आहे की दरोडेखोर!" म्हटलं. भाऊजींनी लांबूनच टोमणा मारला, "डब्याला विचारून धंदा करा आणखी!" त्यांची प्रतिज्ञाच आहे — त्या डब्याला, म्हणजे लॅपटॉपला, हात लावणार नाही.

शेवटी पुतणीला फोन. भाऊजींची लेक, पण डोकं माझ्यावर गेलंय. हसून हसून दमली. "काकू, व्याज वर्षाचं आणि हप्ता महिन्याचा! बाराने भागा ना." भागलं. १३,३४७. जिवात जीव आला. पण आकडा लाल, पुढे वजाचं चिन्ह. म्हटलं, वजा म्हणजे बँकच आपल्याला देणार की काय? "नाही हो काकू! वजा म्हणजे तुमच्या खिशातून गेले."

एवढं बरं असतं कुठे!

२१ जुलै, सोमवार

महिन्याला सगळं भागून हातात उरतात साडेपाच हजार. हप्ता १३,३४७. खड्डा ७,८४७ चा. एक चौकट खास त्यासाठी केली. खड्डा असेल तर लाल, बुजला तर हिरवी. सध्या टोमॅटोसारखी लाल.

सात वर्षांची मुदत घालून पाहिली. हप्ता उतरला, १०,५९२. पण व्याज मिळून नव्वद हजारांच्या आसपास जास्त जातात! आणि तरी लालच. वर बँकेतली बाई म्हणाली, "तुमचं वय पाहता पाचच वर्षं मिळतील, आजी." आजी! नातवंडं असती तर चाललं असतं.

२३ जुलै, बुधवार

पगाराची शीट नव्याने मांडली. कामाचे दिवस २६, ते वर एका चौकटीत. पगार भागिले ती चौकट, गुणिले हजेरी. काकांचं अचूक आलं. मग सूत्र खाली ओढलं आणि टेम्पोवाल्याच्या ओळीत भलतंच काही इंग्रजी ओरडायला लागलं. कारण काय? मी खाली सरकले तशी २६ ची चौकटही माझ्याबरोबर खाली सरकली, रिकाम्या जागी जाऊन बसली. शेपटाला शेपूट!

उपाय मिळाला. चौकटीच्या नावात दोनदा डॉलरचं चिन्ह घालायचं. म्हणजे खुंटी. खुंटीला बांधलेली गाय कितीही ओढा, हलत नाही. स्वतःच शोधून काढलं! आनंदाने दोन कप चहा प्यायले.

२६ जुलै, शनिवार

लाल.

३१ जुलै, गुरुवार

पगार झाले. शीट आधी नीटनेटकी केली — चौघांची खरी नावं वर्णमालेप्रमाणे लावली. नाव आणि खातेनंबर, हे दोन रकाने निवडले. यंत्राने विचारलं, बाकीचे रकानेही सोबत हलवू का? म्हटलं नको बाबा, कशाला उगाच हलवाहलव! मग ते पत्रक बँकेला पाठवलं. सहा वाजता घरी. स्वतःवर खूश.

१ ऑगस्ट, शुक्रवार

काय करून बसले मी!

कुलूप काढायच्या आधीच टेम्पोवाला दारात. "ताई, दोन हजार कमी! मी काय गाडी ढकलत आणतो?" त्याला पाणी देते तोवर झाडूमावशी पळत आली, छातीवर हात. "ताई, माझ्या खात्यात कुणाचं तरी लग्न उतरलंय! अठरा हजार!" ती अर्धाच दिवस येते, पगार महिना सात हजार. मागून घडीताई, लाजत. "मला वाटलं बढती दिलीत. मी काल साडी बघून ठेवली."

शीट उघडली. नावं हलली, खाती हलली, पगार जिथल्या तिथे! वरचा खाली, खालचा वर. प्रत्येकाच्या ताटात दुसऱ्याचं वाढलेलं.

भाऊजी दारात टेकून उभे. "डबा बिघडला का, वहिनी?"

"डबा नाही, तुमची वहिनी बिघडली. हसून घ्या."

हसले. मनापासून हसले. मीही हसले, काय करणार? मावशीने तिथल्या तिथे अकरा हजार परत पाठवले, घडीताईने दोन हजार. साडी मी घेऊन देते म्हटलं, दंड म्हणून.

मग एकदम लक्षात आलं. मावशीकडे काकांचे अठरा आले, म्हणजे काकांकडे मावशीचे सात गेले. आणि काका? काका सकाळपासून मागे इस्त्री करत होते.

मागे गेले. "काका, पगार पाहिलात का?"

"पाहिला ना. काल फोन वाजला तेव्हाच पाहिला."

"मग बोलला नाहीत?"

इस्त्री बाजूला उभी केली. कोटाची कॉलर नीट केली. "नवं मशीन यायचंय ना, ताई. म्हटलं तोंडावर सांगायला जड गेलं असेल तुम्हाला, म्हणून असं कळवलंत. काढलं तर नाहीत! घरी सांगितलं, आता काम हलकं होणार. बायको म्हणाली, बरं झालं, हाताला आराम." आणि हसले, मलाच धीर द्यायला!

मी तिथेच चादरींच्या गठ्ठ्यावर बसले. सगळी चूक सांगितली, नावं हलली ते, पगार राहिले ते. पुन्हा सांगितली. काका "असं होय, असं होय" करत राहिले. मग पाठ वळवून बराच वेळ एकच बाही दाबत होते.

अकरा हजार त्यांच्या खात्यात घालूनच जेवले.

२ ऑगस्ट, शनिवार

भाऊजींशी वाजलं.

"वहिनी, तो सातवर तयार आहे! आपण मागितलंसुद्धा नव्हतं."

"तयार नाही, गप्प आहे. दोन्हींत फरक असतो."

"तुम्ही एकदा घालून तर बघा शीटमध्ये."

घातलं. काकांच्या पगारात सात हजार. चौकट टचकन हिरवी! खड्डा बुजून वर ३,१५३ शिल्लक. गेले कित्येक दिवस त्या हिरव्याची वाट पाहत होते. डोळ्यांना गार वाटलं, खोटं कशाला लिहू? मग काकांची ती बाही आठवली. पुन्हा अठरा केले. लाल.

"भाऊजी, चूक माझी आणि फायदा लॉन्ड्रीचा? घास उतरेल का?"

"मग हप्ता कुठून देणार? माझ्या मिशीतून?"

"मिशीला कोण विचारतं!"

रागारागाने गेले. दारातून परत आले. "त्याला काढायची हौस नाही मला. माझं लहानपण त्याच्या इस्त्रीखाली गेलंय. पण गणित तर गणित आहे ना?"

गणित तर गणितच आहे.

४ ऑगस्ट, सोमवार

पुतणीने नवीन विद्या दिली. उलटं गणित! उत्तर आपण सांगायचं, कुठली चौकट बदलायची तेही आपण सांगायचं, आकडा यंत्र शोधतं. म्हटलं, वा! भाजीची चव आधी ठरवायची आणि मीठ किती ते मागाहून विचारायचं.

उत्तर लिहिलं — खड्डा शून्य. बदलायची चौकट? काकांच्या ओळीवर बोट गेलं नाही. टेम्पोवाल्याच्या, ताईच्या, मावशीच्याही नाही. सगळ्यात वर दोन ओळी, मालकांच्या. वीस हजार माझे, वीस हजार भाऊजींचे. माझी ओळ दिली.

यंत्राने क्षणभर विचार केला. १२,१५३.

बस? एवढंच? मी उगाच डोकं धरून बसले होते! एकटीला किती लागतं? दळण थोडं, वीज थोडी. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या वर्षी. डोळा काही कुठे पळून जात नाही. केबल काढून टाकावी, नाहीतरी त्यावर नुसती भांडणं असतात.

भाऊजींना सांगायचं नाही. सांगितलं तर घर डोक्यावर घेतील. आणि ते काही शीट उघडणार नाहीत, प्रतिज्ञा आहे ना त्यांची!

७ ऑगस्ट, गुरुवार

भाऊजींना म्हटलं, जमलं, हप्ता बसतो, काका राहतात. "कसं काय?" "इकडचं तिकडे केलं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं डाग गेला म्हणणाऱ्या धोब्याकडे गिऱ्हाईक पाहतं.

बँकेत उद्या त्यांनाच जायचंय. बाईला आकडे दाखवायला शीटची लिंक त्यांच्या फोनवर पाठवून दिली. "नुसती उघडा आणि तिच्या हातात द्या. दुसरं काही दाबू नका!"

"मी कशाला दाबतोय?"

काकांना सांगितलं, सकाळी रोलर, दुपारी कोट. पगार तोच. म्हणाले, "रोलरला बोटं सांभाळावी लागतात म्हणे." मी म्हटलं, मग जपून. "नाही हो, घडीताईला सांगत होतो, तिला फार घाई." म्हणजे आतापासून मुकादमकी सुरू!

८ ऑगस्ट, शुक्रवार

कर्ज मंजूर! भाऊजी बँकेतून दुपारी आले. सही झाली. विचारलं, बाई काय म्हणाली? "ठीक म्हणाली." शीट नीट दिसली का? "दिसली." जेवायला थांबले नाहीत. गुडघा दुखत असेल.

११ ऑगस्ट, सोमवार

आज पगाराची शीट उघडली. माझ्या ओळीत वीस हजार. मला वाटलं पुन्हा माझीच काहीतरी चूक. मग खालची ओळ पाहिली. भाऊजी — १२,१५३. चौकट हिरवी. बदलाची नोंद पाहिली. आज सकाळची, भाऊजींच्या फोनवरून. पुतणीला विचारलं तर म्हणाली, "बाबांनी दोन दिवस शिकवणी घेतली माझ्याकडून. तुम्हाला सांगू नको म्हणाले."

त्यांच्या आकड्यावर शेरा चिकटवून ठेवलाय: "भाऊजी, पकडले गेलात. निम्मा खड्डा तुमचा, निम्मा माझा, नाहीतर मशीन परत. इथेच खाली उत्तर लिहा, आणि आजच्या आज लिहा."