पुण्यात हरीओम नाचला

प्रयागबाईले धाकट्या भावाचा नमस्कार.

तू हरीओमसाठी शिरपूरची पोरगी पाहून ठेवली, म्हणून मी त्याले विचाराले पुण्याले गेलो. तो म्हणे, "बाबा, आधी मी कुठं जातो ते पाहा." संध्याकाळी एका क्लबात घेऊन गेला. तिथं पोरं पोरांसंग अन् पोरी पोरींसंग नाचून राह्यल्या होत्या. मले वाटलं, उठून निंघून जावं. मंग हरीओम गोपाल नावाच्या पोराचा हात धरून नाचाले लागला. घरी खाली मान घालून जेवणारं माहं लेकरू तिथं मोकळं हसून राह्यलं होतं.

गोपाल येऊन पाया पडला. "बाबा, राग आला का?"

मी म्हटलं, "राग नाही बाप्पा. हा टायमावर जेवते का?"

"मीच करून वाढतो," तो म्हणे. मंग त्यानं मले हाताले धरून उठवलं, अन् मी बी थोडासा नाचलो.

बाई, त्या पोरीले दुसरं चांगलं घर पाह. माह्या लेकाचं जमलं आहे, अन् मी खुश आहो.

हे पत्र मी टाकत नाही. उद्या शिरपूरले येतो अन् तुह्यासमोर बसून सांगतो.

तुहा भाऊ,
पुंजाजी, अनसिंग