दादाच्या कानातली वायर

४ जानेवारी, तिरुपूर
दुपारी मायचा फोन. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यातून निरोप आला म्हणे. दादाच्या बिमारीवर, म्हणजे स्किझोफ्रेनियावर, तिथं संशोधन चालू हाय. कशानं होते, पुढं माणसाचं काय होते. बिमार माणसाचं रक्त पायजे, आन् त्याच्या चांगल्या सख्ख्या भावाचं बी. म्हणजे माहं.
म्हणलं सुट्टी भेटत नाही. सुपरवायजरले विचारलंच नाही.

७ जाने.
मन लागत नाही. कारखान्यात एक बनियन इस्त्रीखाली जळाली. शिव्या खाल्ल्या.
भेव कायचं ते लिहूनच टाकतो. माह्या रक्तात बी तेच निघालं तं? दादा माह्याच वयाचा होता, अमरावतीले आयटीआय करे, तवाच त्याले आवाज आयकू येऊ लागले. दोन दिवाळ्या घरी गेलो नाही, ते काही सुट्टीपायी नाही.
आज मशीनच्या घरघरीत कोणी नाव घेतल्यासारखं झालं. इस्त्री बाजूले ठेवली. मागं पाह्यलं तं बिहारी पोरगा खरंच बोलावून राहिला होता, जेवाले.

११ जाने.
आज दादानं सोता फोन लावला, मायच्या फोनवरून.
"येतं का बे? तुह्यावाचून माहं बी रक्त घेत नाहीत."
म्हणलं, तुले कायले पायजे हे?
"कायले म्हणजे? माह्या डोक्यात चाल्लं ना सगळं. मले नको का समजाले?"
आमच्या अंजनगावच्या बाजारात पोट्टे त्याले चिडवत, एकटाच बोलते म्हणून. मंग मी इथून कानात घालाची वायर पाठवली. एक टोक कानात, दुसरं खिशात, खिशात फोनच नाही. लोकायले वाटते फोनवर हाय. ही आयडिया त्याचीच.
विचारलं, वायर चालते का अजून?
"एकदम. चार्जिंगच लागत नाही."
तिकीट काढलं.

१७ जाने., अकोला
सकाळच्या बसनं मी, माय, दादा. दवाखान्यातली एक ताई परश्न विचारे. लहानपणी ताप? डोक्याले मार? गांजा? झोप? माय म्हणे अमरावतीच्या होस्टेलचं पाणी बाधलं. ताईनं ते बी लिहून घेतलं, हसली नाही. मंग दादाले विचारलं, तुम्हाला काय वाटतं, कशानं झालं?
"ते तं तुमी शोधून राहिले ना. मलेच विचारसान तं कसं होईन?"
तवा मात्र हसली.
माह्या दंडाले पट्टी बांधली तं मी हात मागं ओढला. दादानं दुसरा हात धरून ठेवला. बिमार कोण, पाहणाऱ्याले समजलंच नसन.
रिपोर्ट संध्याकाळी भेटन का, विचारलं. ताई म्हणे एकट्याचा रिपोर्ट नसतेच. लय घरांचं रक्त जमन, वर्षं जातीन, तवा काहीतरी कळन. भावाले हाय म्हणून तुले होईनच असं नाही. होणार नाही असं बी लिहून देता येत नाही.
एवढ्या दुरून आलो आन् हातात कापूस.
बाहेर चहा. दादाले म्हणलं, तुले हे मालूम होतं?
"होतं. सांगतलं असतं तं आला असता का तू?"
मंग पहिल्यांदाच विचारलं. ते आवाज माह्याबद्दल काही बोलतात का?
गिलास खाली ठेवला त्यानं. "नाही बे. तुले ओयखतच नाहीत ते."
मायनं तोंड फिरवलं.

२२ जाने., तिरुपूर
कामावर. रक्त घेतलं तिथला निळा डाग पिवळा पडला. आता जेवणाच्या सुट्टीत दादाले रोज फोन लावतो. आज गोळ्या घेतल्या म्हणे. पानमळ्यात गेला होता. 
मंग बोलता बोलता हळूच, "थांब, दुसरा फोन हाय."
दुसरा फोन म्हणजे ती वायर, तिले फोनच नाही. आधीचा मी असतो तं फोन ठेवून दिला असता.
बेल झाली. सगळे आत गेले. हे एका हातानं लिहून राहिलो, फोन कानालेच. तिकडं दादा कोणाले तरी समजावून सांगून राहिला, "लहाना भाऊ हाय लाइनीवर. जरा दम धरा."