सबा बरी आहे

४ फेब्रुवारी, मंगळवार

सबा गेली. पहाटे, दुधनीला, घरीच. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं!

ऑफिसात पाऊल टाकलं तर दिग्विजय सर दारातच उभे. "वैजयंतीबाई, वाईट झालं. आपली सबा गेली." आपली! आठ वर्षांची पोर, हृदयाला छिद्र. आमच्या संस्थेच्या सगळ्या पत्रकांवर तिचाच फोटो. आसरा चौकातल्या होर्डिंगवरही तीच, आणि खाली ऑफिसचा नंबर. देणगीदारांचा तो फोन माझ्या टेबलावर असतो.

फोटो मीच काढला होता, वॉर्डात. लेन्सवर माझाच अंगठा आला होता. "मॅडम, बोट काढा की!" म्हणून ती खदखदून हसली, पुढचा पडलेला दात दाखवत. तेवढ्यात मी बटण दाबलं.

टेकते न टेकते तोच फोन. नवे कुणी देणगीदार, होर्डिंग बघितलेले. "ती मुलगी कशी आहे हो?"

"बरी आहे."

गेलंच तोंडातून! इतके महिने हेच उत्तर देतेय, जिभेला वळणच पडलंय.

५ फेब्रुवारी

दुधनीला जायला हवं होतं. सर गाडी देत होते. मीच डोकं दुखतंय म्हणाले. दुखत नव्हतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

मी म्हटलं, होर्डिंग उतरवू या. सर चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. "मला काय बरं वाटतंय का? पण वॉर्डात अजून पोरं पडून आहेत. या फोटोनं लोकांचा हात जसा खिशात जातो, तसा दुसऱ्या कशानं जात नाही. मार्चअखेरपर्यंत राहू दे."

वॉर्डात करकंबची एक पोर आहे, संस्कृती, पाच वर्षांची. जिना चढली की ओठ निळे पडतात तिचे. मी गप्प बसले. सरांसमोर गप्प बसता येतं. फोनवर नाही बसता येत.

११ फेब्रुवारी

कस्तुराबाईंचा फोन. निवृत्त मास्तरीण, आमच्या आजीव सभासद, महिन्याला एकदा चौकशी ठरलेली. "बरी आहे" एवढ्यावर त्यांचं भागत नाही. शाळेत जाते का? जाते. कितवीत? दुसरीत. दात आला? आला. पाढे? "पाचापर्यंत येतात," मी म्हणाले. "हळूच चाललीय हो," म्हणाल्या. रागच आला मला त्यांचा! आजारातून उठलेली पोर आहे—

हे लिहिलं आणि हात थांबला. कुठली उठलेली?

भीती वाटते ती याची, की मला काही रचावं लागत नाही. फोन उचलला की टेबलापलीकडच्या खुर्चीत ती पाय हलवत बसलेली असते. नवा दात जरासा वाकडा आलाय. मला दिसतो.

१४ फेब्रुवारी

आता आसरा चौक टाळूनच घरी जाते. वळसा पडतो. ह्यांना सांगितलं, रस्ता खोदलाय.

१५ फेब्रुवारी

एका माणसाचा फोन. नाव सांगेना. सबा कशी आहे, विचारलं. सांगितलं— बरी आहे, शाळेत जाते. मग कितीतरी वेळ नुसता रिक्षाचा आवाज. पैशाचं बोललाच नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तो माणूस आज ऑफिसात आला. सबाचा मामा, एजाज. इथेच रिक्षा चालवतो.

"फोन मीच केल्तो मॅडम. माझा एक सवारी त्यो फोटू बघून म्हनला, 'पोरगी बरी हाय, मी विचारलं की संस्थेत.' मला वाटलं त्येची कायतर चूक. म्हनून मीच लावला. तुमी म्हनला, शाळेत जाती. मी माज्या हातानं माती दिली तिला, मॅडम!"

सर बाहेर आले, हात जोडले. एजाज त्यांच्याकडे बघेनाच. माझ्याकडेच बघत होता. "रोज त्याच चौकातनं जातो. वर बघत न्हाय. फोटू काढा."

लालबीला— सबाच्या आईला— हे कळलंय का, मी विचारलं. "सांगितलं की सगळं. नुस्ती ऐकत बसली."

पाया पडावंसं वाटलं त्याच्या. तेही जमलं नाही. खाली मान घालून रडले फक्त.

१९ फेब्रुवारी

होर्डिंग उतरलं. मी स्वतः जाऊन उभी राहिले. कापड खाली येताना मधेच दुमडलं, गाल तेवढा दिसत राहिला. माणसांनी घडी घालून टेम्पोत टाकलं.

परत येऊन कस्तुराबाईंना खरं सांगितलं. वाटलं, शिव्या घालतील. त्या म्हणाल्या, "दात आला होता का गं?"

"नाही."

फोन ठेवून दिला त्यांनी.

उद्यापासून एकेकाला फोन करून सांगणार. आणि यापुढे कुणीही विचारलं तर खरं तेच. आईची शपथ! आज किती दिवसांनी नीट जेवले. समोरची खुर्ची नुसती खुर्ची दिसते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी फोन. बाईचा आवाज, दबका. "सबा कशी हाय?"

लालबी! वॉर्डात इतके दिवस ऐकलेला आवाज, ओळखायला वेळ लागला नाही. मी तोंड उघडलं. तोच ती म्हणाली, "एजाज म्हनला, ह्या नंबरवर सांगत्यात."

"बरी आहे," मी म्हणाले.

"जेवती का?"

"जेवते. आज परत भात मागून घेतला."

श्वास ऐकू येत होता तिचा. "उद्या करू का फोन?"

करा, म्हणाले.